दोन पात्यांइतका बाक

त्याला सगळे कंडक्टर म्हणत. बसवरची नोकरी सुटून सहा वर्षं झाली होती, पण नाव काही सुटलं नाही. बसमध्ये पैसे टाकायची पेटी आली, तिकीट आपोआप बाहेर यायला लागलं आणि दोन रांगांच्या मधे उभं राहून एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला त्याच बसमध्ये जागा उरली नाही. त्यानंतर त्याने गोदामात खोकी उचलली, एका इमारतीच्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहून घेतली, आणि मग एके दिवशी त्याला मोबाइल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम लागलं.

तिथे त्यांना अनुभव नको होता, वजन हवं होतं. सत्तर ते पंचाहत्तर किलोचा, पन्नाशीच्या आसपासचा, दिवसभर उठबैस करू शकेल असा माणूस पाहिजे होता. कंडक्टर बहात्तर किलोचा होता. काट्यावर उभा राहिला आणि नोकरी लागली. घरी येऊन बायकोला म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शब्दाला नाही, तरी शरीराला वजन आहे हे कुणीतरी मान्य केलं."

काम असं होतं. चौथ्या मजल्यावर एक लांबट खोली. खोलीत भिंतीला लागून सात बैठका मांडलेल्या: लाकडी खुर्ची, प्लॅस्टिकची खुर्ची, स्टूल, मऊ सोफा, मोटारीची सीट, बसची सीट आणि चाकं काढलेली एक स्कूटर. खुंट्यांवर पँटी टांगलेल्या, घट्ट, सैल, जाड कापडाच्या, पातळ कापडाच्या. कंडक्टरने पँट चढवायची, पुढच्या खिशात नवा मोबाइल घालायचा आणि ओळीने एकेका बैठकीवर बसायचं, उठायचं. खाली वाकून बुटाची नाडी बांधायची. जिना चढायचा, उतरायचा. गळ्यात एक छोटं यंत्र असे, दर बैठकीला ते अंगठ्याने दाबलं की आकडा पुढे सरके. दिवसाला चारशे उठाबशा. "शाळेत शिक्षा म्हणून काढल्या, तेव्हा मास्तरांना वाटायचं मी वाया जाणार," तो सांगायचा. "त्यांना काय माहीत, मला धंद्याचं शिक्षण देत होते ते."

दर पन्नास बैठकांनंतर मोबाइल खिशातून काढून एका काळ्या, आरशासारख्या सपाट दगडावर ठेवायचा. मग पोलादाची पाती घ्यायची, कागदाइतकी पातळ, आणि मोबाइल व दगड यांच्या फटीत सरकवून बघायचं. पातं आत गेलं नाही तर मोबाइल सरळ. एक गेलं, दोन गेली, की तेवढा बाक. तीन पाती गेली तर मोबाइल नापास. कागदावर आकडा लिहायचा आणि पुन्हा बसायचं.

हे काम त्याला आवडलं होतं. हसण्यासारखं आहे, पण खरं आहे. बसमध्ये तो कुठल्या थांब्यावर किती चढले, किती उतरले हे न लिहिता सांगू शके. इथे एकेका नमुन्याचे तीस मोबाइल तपासायला येत आणि त्याला तीसच्या तीस मोबाइलांचे आकडे पाठ असत. खोलीची जबाबदारी एका तरुण इंजिनीअर मॅडमवर होती. कॉलेजातून निघून त्यांना दोनच वर्षं झाली होती. त्या त्याला काका म्हणत आणि त्याने सांगितलेलं ऐकून घेत. त्या इमारतीत एवढं करणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

मग तो नवा मोबाइल आला. वहीच्या पानासारखा रुंद, आणि इतका पातळ की खिशात घातल्यावर खिसा रिकामाच वाटे. कंडक्टरने तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्याला भीतीच वाटली. "मॅडम, हा मोबाइल आहे की पापुद्रा?"

"यंत्राच्या चाचणीत पास झालाय, काका."

यंत्र शेजारच्या खोलीत होतं. ते मोबाइलला दोन टोकांना आधार देऊन बरोबर मधोमध दाबायचं, तेही गार खोलीत, हळूहळू, एकाच दिशेने. मांडी काही तसं दाबत नाही. माणूस बसतो तेव्हा वरचं टोक कमरेच्या हाडाला अडतं, खालचं मांडीवर दबतं आणि मधला भाग हवेत राहतो. उठताना तोच पिळला जातो. वर अंगाची ऊब. चार दिवसांत कंडक्टरला कळलं की हा मोबाइल मधोमध वाकतच नाही. तो वाकतो खालून तिसऱ्या हिश्शावर, जिथे कडेला बटणासाठी खाच पाडली आहे. हजार बैठकांनंतर एक पातं आत जाऊ लागलं. दोन हजारांनंतर दोन. तिथे बाक थांबत होता, पण परत सरळ होत नव्हता. आणि सहा महिन्यांत सगळे मोबाइल तपासून झाले तेव्हा तीसपैकी सहा मोबाइलांच्या पडद्याचा खालचा पट्टा बोटाला अधूनमधून दाद देईनासा झाला.

मॅडमनी ते सगळं लिहून वर पाठवलं. वरून साहेब स्वतः खाली आले. उभ्याउभ्याच कागद चाळले.

"दोन पाती म्हणजे पासच की. तीनला नापास आहे."

"पण सर, सहा मोबाइलांचा टच..." मॅडम म्हणाल्या.

"तीसात सहा. बाकी चोवीस व्यवस्थित आहेत ना? सरासरी काढा." मग कंडक्टरकडे वळून ते हसत म्हणाले, "आणि लोक काय दिवसभर उठाबशा काढतात का तुमच्यासारख्या?"

"साहेब," कंडक्टर म्हणाला, "लोक दुसरं काय करतात?"

साहेबांनी ते विनोद म्हणून घेतलं. सरासरी निघाली. मोबाइल पास झाला.

बाजारात आल्यावर मोबाइलचं चांगलं नाव झालं. मोठमोठे फलक लागले. त्या खुशीत प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला एकेक मोबाइल भेट मिळाला, चकचकीत खोक्यात. खोकं देताना साहेबांनी सर्वांना पुन्हा आठवण करून दिली की नोकरीला लागताना प्रत्येकाने एका कागदावर सही केली आहे: इथे जे दिसतं ते इथेच ठेवायचं, घरी सांगायचं नाही, दारी सांगायचं नाही.

कंडक्टरने खोकं घरी नेलं आणि तीन दिवस कपाटात ठेवलं.

त्याच्या घरी तिघंच. तो, बायको आणि धाकटी मुलगी. थोरली लग्न होऊन लांब गेली होती. धाकटी नर्स होती, दवाखान्यातली नाही, घरोघरी जाणारी. एका संस्थेची ती नोकरी होती. म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली माणसं, त्यांची जखम धुणं, इंजेक्शन देणं, कूस बदलून देणं. सकाळी स्कूटरवर निघायची ती आठ-नऊ घरं करून संध्याकाळी यायची. निळा गणवेश, मांडीवर मोठे खिसे. तिचा जुना मोबाइल तळहाताएवढा, कोपऱ्यात तडकलेला. जखमेचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवायचा तर त्यात धड काही दिसायचं नाही.

चौथ्या दिवशी बायकोला कपाटात खोकं सापडलं. "अहो, हे काय? आणि पोरगी त्या फुटक्यावर डोळे फोडतेय!"

झालं. मोबाइल धाकटीच्या हातात गेला. तिने तो उलटासुलटा करून बघितला, वडिलांकडे बघितलं आणि लहानपणी हसायची तशी हसली. ते हसू बघून कंडक्टरच्या तोंडावर आलेलं वाक्य मागे फिरलं. तो एवढंच म्हणाला, "खिशात नको ठेवत जाऊ. हातात धर, नाहीतर पिशवीत ठेव."

"बाबा, एका हातात पेशंट, एका हातात बँडेज. मोबाइल काय डोक्यावर ठेवू?"

"चोरीला जातो गं खिशातून."

"मांडीवरच्या खिशातून? स्कूटरवर? चोराचं कौतुकच करायला हवं."

बायको हसली. तोही हसला. खरं कारण त्याने सांगितलं नाही. सहीचा कागद आठवला हे खरं, पण नुसता कागदच आडवा आला असंही नाही. एवढ्या वर्षांत त्याने मुलीला दिलेली ही पहिली भारी वस्तू होती. ती देताना ती कच्ची आहे हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही.

दोन महिने गेले. एका संध्याकाळी जेवताना धाकटीने मोबाइल ताटाशेजारी टेबलावर ठेवला आणि एका बोटाने कुणालातरी निरोप लिहायला लागली. मोबाइल डुगडुगत होता. बोट टेकलं की एक कोपरा खाली, उचललं की वर. टक्, टक्, टक्. बायकोला त्यात काही विशेष वाटलं नाही. कंडक्टरचा घास मात्र हातातच राहिला. त्याला पात्यांची गरज नव्हती. नुसत्या आवाजावरून त्याला कळलं, दोन पाती.

"टेबल वाकडं झालंय वाटतं," धाकटी म्हणाली.

"जुनं आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळीला गेली असताना त्याने मोबाइल उचलला. मॅडमनी अनेकदा सांगितलं होतं की वाकलेला मोबाइल कधी सरळ करू नये. एका बाजूला वाकताना आतले बारीक जोड ताणले जातात, उलटं वाकवलं की ते तुटतात. हे त्याला पाठ होतं. तरी त्याने दार लोटलं, मोबाइल गुडघ्यावर पालथा ठेवला आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबला. तिला काही कळायच्या आत, काही सांगावं लागायच्या आत, नीट करून ठेवावा एवढंच त्याच्या डोक्यात होतं. परत टेबलावर ठेवून बोट टेकवलं. डुगडुगला नाही. त्याला वाटलं, सुटलो.

चार दिवसांनी सकाळी निघताना धाकटी म्हणाली, "बाबा, हा कधीकधी बोटच ओळखत नाही. हात ओले असतात म्हणून असेल."

"रविवारी दुकानात दाखवू," तो म्हणाला.

रविवार यायला तीन दिवस होते.

धाकटीच्या पेशंटांत एक टायपिस्ट आजी होत्या. चाळीस वर्षं कचेरीत टाइप करून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. साखरेचा आजार होता, धाकटी रोज सकाळी जाऊन त्यांना इंजेक्शन देई. आजींचं बोलणंही टाइप केल्यासारखं, स्पष्ट आणि ठाशीव. त्यांच्या मोबाइलवर एक आकडा दाबून धरला की धाकटीला फोन लागे, आणि तो आकडा आजी दिवसातून पाच-सहा वेळा तरी दाबत. गोळी पांढरी आधी की पिवळी. आज वार कोणता. खाली गाडी वाजतेय ती तुझीच का. धाकटी कंटाळत नसे, पण हातात काम असलं तर लगेच उचलतही नसे. मागाहून करे.

हे बोलणं झालं त्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती एका माणसाच्या पायाची जखम धुत होती. मांडीवरच्या खिशात मोबाइल थरथरला. हातमोजे रक्ताने भरलेले. खिशाबाहेर डोकावणाऱ्या पडद्यावर तिने वाकून नाव बघितलं, आजी. वाजू दिला. थोड्या वेळाने परत. "मागाहून करते हं आजी," असं ती मोठ्याने म्हणालीसुद्धा, आणि तो पेशंट हसला.

काम आटोपून ती खाली आली, स्कूटर सुरू केली आणि रस्त्याला लागली तेव्हा तिसरा आला. तिने कडेला थांबून मोबाइल काढला. पडदा उजळलेला, नाव दिसत होतं, मोबाइल वाजत होता, थरथरत होता. तिने हिरव्या खुणेवरून बोट फिरवलं. काही नाही. गणवेशाला बोट पुसून पुन्हा फिरवलं. पुन्हा. वाजून वाजून तो थांबला. तिने उलट फोन लावायचा प्रयत्न केला तर पडदा ढिम्म. आणि तसाच हातात असताना चौथा आला. या वेळी तो बराच वेळ वाजला. धाकटी रस्त्याच्या कडेला उभी राहून त्या नावाकडे बघत राहिली. तिने मोबाइल गालाला लावून "आजी, आजी" अशा हाकाही मारल्या. वेडेपणाच तो, पण मारल्या.

मग तिने स्कूटर वळवली. पंचवीस मिनिटांचा रस्ता होता. दार आतून बंद. शेजाऱ्यांनी धक्के देऊन कडी तोडली. आजी न्हाणीघरात पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलेलं, साखर तळाला गेलेली, मोबाइल छातीवर. डोळे उघडे होते. धाकटीने तोंडात साखरेचं पाणी घातलं ते बाहेर ओघळलं. दवाखान्यात नेलं. आजी अकरा दिवस जगल्या, पण परत एक शब्द बोलल्या नाहीत.

संस्थेने चौकशी लावली. आजींच्या पुतण्याने लेखी तक्रार केली होती. धाकटीने घडलं ते सगळं सांगितलं होतं, पहिले दोन फोन मुद्दाम उचलले नाहीत हेसुद्धा. मोबाइल तपासायला संस्थेने तो कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात पाठवला. तिथून उत्तर आलं आणि त्या उत्तराने घात केला. त्यात लिहिलं होतं: मोबाइल बाहेरून जोर लावून वाकवलेला आहे, आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने वाकवल्याच्या खुणा आहेत, असं रोजच्या वापरात होत नाही.

याचा अर्थ संस्थेत लोकांनी लावायचा तोच लावला. पोरीने फोन उचलले नाहीत, मग अंगाशी आलं तेव्हा मोबाइल हाताने वाकवून बिघडवला.

घरी धाकटी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. "उलट दिशेने म्हणजे काय, आई? मी कशाला वाकवीन?" बायको म्हणाली, "पडला असेल कुठे." कंडक्टर खिडकीशी उभा होता. त्या दिवशी त्याला संधी होती. घर होतं, तिघंच होते, दार लोटलेलं होतं. एवढी आपुलकीची जागा त्याला नंतर मिळायची नव्हती. तरी तो मूग गिळून बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रयोगशाळेत मॅडमना गाठलं. "मॅडम, आपल्या आकड्यांचा एक कागद द्या मला. दोन पाती लिहिलेला. माझ्या पोरीचा प्रश्न आहे."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी काळ्या दगडावर हात टेकवले. "काका, माझ्याच्याने नाही होणार. मीपण सही केलीय. माझ्या घरी मी एकटीच कमावते." मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही... सरळ केलात का तो?"

"केला."

"मी सांगितलं होतं ना."

"सांगितलं होतं."

तो परत जाऊन स्टुलावर बसला, उठला, अंगठ्याने आकडा पुढे सरकवला.

चौकशीच्या दिवशी तो न बोलावता गेला. संस्थेच्या कचेरीत एक लांब टेबल होतं. पलीकडे संस्थेच्या प्रमुख बाई आणि एक डॉक्टर, कडेला आजींचा पुतण्या, चुरगळलेल्या शर्टातला, सभ्य, कित्येक दिवस न झोपलेला माणूस. अलीकडे एकाच खुर्चीवर धाकटी. वडिलांना बघून ती दचकली.

पुतण्याने एकच प्रश्न विचारला. "माझी आत्या चार वेळा तुम्हाला बोलावत होती. तुम्ही तो मोबाइल नंतर मोडलात का? खरं काय ते सांगा, मी तक्रार मागे घेईन. मला फक्त खोटं नकोय."

"मी नाही मोडला," धाकटी म्हणाली. "मला माहीत नाही तो कसा वाकला."

बाईंनी दुरुस्ती केंद्राचा कागद पुढे सरकवला. तेव्हा दाराशी उभा असलेला कंडक्टर म्हणाला, "तो मी वाकवलाय."

सगळे वळले. "आपण?"

"मी हिचा बाप. तिला काही माहीत नाही. तो मोबाइल खिशात वाकतो. खालून तिसऱ्या हिश्शावर वाकतो, दोन हजार बैठकांनंतर दोन पाती. मी स्वतः मोजलंय, माझं तेच काम आहे. तीसपैकी सहांचा टच गेला होता. हिचाही वाकला. मी गुडघ्यावर घेऊन सरळ केला. सरळ करायचा नसतो हे मला माहीत होतं. तरी केला. ती अंघोळीला गेली होती तेव्हा."

डॉक्टरांनी विचारलं, "याचा काही पुरावा?"

"कागद त्यांच्याकडे आहेत. माझ्याकडे नुसते आकडे आहेत, पाठ." आणि त्याने ते म्हणायला सुरुवात केली. पहिला मोबाइल, हजारला एक, दोन हजारला दोन. दुसरा, नऊशेला एक. तिसरा. थांबे सांगावेत तसे एकामागून एक तो सांगत गेला. आठव्या-नवव्याला बाईंनी हात वर केला. "पुरे. बसा तुम्ही."

तो बसला नाही. त्याचं लक्ष धाकटीकडे होतं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग येण्याच्या आधीचं काहीतरी होतं, गणित सोडवताना असतं तसं.

"तुम्हाला माहीत होतं?" ती म्हणाली. "मला दिलात तेव्हाच?"

"हो."

"आणि टेबलावर डुगडुगत होता तेव्हा?"

"हो."

"मी म्हटलं, टेबल वाकडं झालंय."

"हो गं."

पुतण्याने कपाळाला हात लावला. मग उठून तो धाकटीजवळ आला, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकवला आणि निघून गेला. तक्रार त्याने त्याच आठवड्यात मागे घेतली.

संस्थेचं पत्र आलं: धाकटी खोटं बोललेली नाही, मोबाइल बिघडलेला होता, तिने कामावर यावं. ती गेली नाही. आईने समजावलं, प्रमुख बाई स्वतः घरी येऊन गेल्या. "मोबाइल तिसऱ्या वेळी बिघडलेला कळला," ती म्हणाली. "पहिल्या दोन वेळा तो बिघडलाय की नाही हे मी बघितलंच नाही. मी नुसतं वाजू दिलं. त्याचं काय करू?" तिने रक्त तपासणाऱ्या एका केंद्रात नोकरी धरली. तिथे नळ्यांवर नुसते आकडे असतात.

कंडक्टरला प्रयोगशाळेने चौकशीनंतर तिसऱ्याच दिवशी काढलं होतं. कुणीतरी कळवलं असणार; सहीचा कागद त्याच्यापुढे धरला गेला, दुसरी सही घेतली गेली. त्याने वाद घातला नाही. खाली उतरताना जिन्यात त्याच्या लक्षात आलं की आपण पायऱ्या मोजतोय आणि अंगठा छातीशी हलतोय. गुडघे दुखत होतेच, त्यानंतर ते जास्तच धरायला लागले. आता तो एका शाळेच्या फाटकावर बसतो. तिथे बसायचं असतं, उठायचं फारसं नसतं.

धाकटी त्याच्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं बायको म्हणे. ती लागेल तेवढं बोले. मीठ द्या. दार लावून घ्या. वीज गेलीय. वडील खोलीत आले की ती उठून जाई असंही नव्हतं; बसून राही, पण त्यांच्यात अख्खं घर मधे असल्यासारखं अंतर असे. बायको दोघांच्या मधे ताटं वाढे आणि कधी एकाची, कधी दुसऱ्याची बाजू घेऊन दोघांकडूनही गप्प बस हे ऐकून घेई.

सातआठ महिन्यांनी इंजिनीअर मॅडम घरी आल्या. त्यांनी ती नोकरी सोडली होती. पुढच्या मोबाइलला खाचेजवळ आतून पोलादाची पट्टी घातलीय, त्या म्हणाल्या, आणि जाडीही थोडी वाढवलीय. "तुमच्या आकड्यांवरूनच ठरलं, काका. तोच कागद काढला त्यांनी. तुम्ही म्हणत होतात तिथेच पट्टी आहे." त्यांना वाटत होतं, हे ऐकून त्याला थोडं बरं वाटेल. त्याने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. "चांगलं झालं," तो म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे समजत होतं त्यांना." मॅडमनी कप उचलला नाही. जाताना त्या धाकटीला भेटायचं म्हणाल्या. ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी धाकटी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. कंडक्टर पाणी प्यायला आला. ती मागे न वळता म्हणाली, "एक विचारू? तुम्ही गुडघ्यावर दाबलात तेव्हा आवाज आला होता का?"

त्याने पेला खाली ठेवला. "आला होता. अगदी बारीक."

"मग तेव्हाच तुटलं असेल."

"असेल. खिशातच तुटायला लागलं होतं की मी तोडलं, ते कुणी सांगू शकत नाही. मॅडमही नाही."

"मी नाही विचारत ते," ती म्हणाली. "आवाज आल्यावर तरी सांगायला हवं होतं तुम्ही मला. चार दिवस होते."

त्याने पेला विसळून पालथा घातला. ती वाट्या पुसत राहिली.

पुढच्या महिन्यात तिने रक्ततपासणी केंद्राजवळ एक खोली घेतली. रोजचं जाणंयेणं लांब पडतं, असं आईला सांगितलं. सामान फार नव्हतं: गादी, दोन पिशव्या, एक लोखंडी कपाट. कपाट उचलायला माणूस सांगते म्हणाली, तर कंडक्टर म्हणाला, "मी आहे ना." दोघांनी ते दुसऱ्या मजल्यावर चढवलं. तो खालच्या बाजूला होता, वजन त्याच्याकडे. वळणावर ती दोनदा म्हणाली, "थांबा, दम घ्या," आणि दोनदा तो थांबला.

खोलीत एक खिडकी होती, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. कपाट भिंतीशी लावून झालं. तिने त्याला पाणी दिलं. बसायला काही नव्हतं म्हणून तो उभ्यानेच प्यायला. आईने दिलेल्या डब्यांची पिशवी तिने कोपऱ्यात ठेवली, मग किल्ली शोधली, मग शोधायला काही उरलं नाही.

"निघतो," तो म्हणाला.

"गुडघ्याला तेल लावा घरी गेल्यावर."

"लावतो. येत जाऊ का आम्ही?"

"आईला घेऊन या. रविवारी." तिने दार धरलं होतं. "एकटे नका येऊ, बाबा. अजून नको."

"बरं," तो म्हणाला आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागला.